भेट घेतली, टोपली विसरलो

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ उघडून पाहावे. पहिल्या पानावर इमारतीचे छायाचित्र असते, त्याखाली स्थापनेचे साल. मग अध्यक्षांचे मनोगत, विश्वस्तांची नावे, वर्गणीचे दर, वाचनालयाची वेळ, एकूण ग्रंथसंख्या, दैनिके किती, मासिके किती, कपाटे किती. 'छायाचित्र दालन' या दुव्यावर टिचकी मारली की शालींचा आणि श्रीफळांचा एक अखंड समारंभ सुरू होतो. ज्या गावात हे वाचनालय शंभर-सव्वाशे वर्षे उभे आहे त्या गावाविषयी मात्र तिथे एक ओळही सापडत नाही. गावात कोण काय लिहीत होते, कोणत्या सभेत कोणता वाद झाला, कोणते मासिक तीन अंकांत बंद पडले, नाटकमंडळींचा मुक्काम कुठे असे, प्लेगच्या आणि दुष्काळाच्या वर्षी वाचनालय उघडे होते की बंद, यांपैकी कशाचाही पत्ता लागत नाही. आमचा आक्षेप या रिकाम्या जागेविषयी आहे आणि तो आम्ही शक्य तितक्या स्पष्टपणे मांडणार आहोत.

आक्षेपाचे निमित्त सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी आमच्या एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने आपल्याच तालुक्याच्या गावातील व्याख्यानमालेवर प्रकल्प करायचे ठरवले. व्याख्यानमाला जुनी, वाचनालयानेच चालवलेली. आम्ही तिच्याबरोबर वाचनालयात गेलो. कार्यवाहांनी चहा पाजला, आस्थेने चौकशी केली आणि जुन्या कार्यक्रमपत्रिका, स्मरणिका, हस्तलिखित अंक, इतिवृत्ताच्या वह्या यांविषयी विचारताच ते जरा संकोचले. "सर, ते सगळं माळ्यावर होतं. शतकमहोत्सवाच्या वेळी रंगरंगोटी काढली, तेव्हा जागा मोकळी केली." 'जागा मोकळी केली' याचा अर्थ रद्दीवाल्याला बोलावले. शंभर वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा साजरा करण्यासाठी त्या शंभर वर्षांचा पुरावा किलोच्या भावाने विकला गेला. त्याच सोहळ्यात वाचनालयाच्या नव्या संकेतस्थळाचे उद्घाटन एका मान्यवरांच्या हस्ते झाले, हेही आम्हांला त्याच दिवशी कळले.

त्या कार्यवाहांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. ते विनावेतन, मनापासून काम करणारे गृहस्थ होते. मुळात कोणती गोष्ट जपण्याजोगी आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. वर्ग ठरतो तो मुख्यतः संख्येवरून: ग्रंथ किती, सभासद किती, नियतकालिके किती. १९५२ सालच्या व्याख्यानमालेची चार पानी पत्रिका या हिशेबात कुठेच बसत नाही. दाखल नोंदवहीत तिला क्रमांक नसतो, म्हणून परीक्षणाच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नसते. एखाद्या लोकप्रिय कादंबरीची पाचवी प्रत मोजली जाते. गावाच्या एकमेव हस्तलिखिताची एकमेव प्रत मोजली जात नाही. ज्याची गणती नाही त्याची रद्दी होणार, हे ओघानेच आले.

आता थोडे दूर जाऊ. त्याचा आपल्याशी असलेला संबंध लगेच लक्षात येईल. आपल्यापैकी जे महाविद्यालयात शिकवतात त्यांच्या ग्रंथालयातील संगणकावर बहुधा 'कोहा' नावाची प्रणाली चालू असेल. पुस्तक दिले-घेतले, दंड किती, प्रत शिल्लक आहे का, हे सारे ती सांगते. ही प्रणाली कोण्या बड्या कंपनीची नाही. न्यूझीलंडमधील हॉरोव्हेनुआ या लहानशा जिल्ह्याच्या ग्रंथालय न्यासाने ती करवून घेतली. जिल्ह्याची लोकसंख्या त्या काळी तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. त्यांची जुनी संगणकप्रणाली २००० हे साल ओळखू शकणार नव्हती आणि विकतची नवी परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून स्वतःच्या गरजेपुरती प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि मग साऱ्या जगासाठी मुक्त परवान्याखाली मोफत खुली केली. 'कोहा' हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट. आणि माओरी रिवाजात भेटीबरोबर परतफेडीची अपेक्षाही येते.

ही गोष्ट आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात थोडीफार सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. त्याच ग्रंथालयाने काही वर्षांनी, २००७ च्या सुमारास, 'केटे' नावाची दुसरी प्रणाली उभी केली. केटे म्हणजे विणलेली टोपली. या टोपलीत जिल्ह्यातील कोणीही आपल्याजवळची वस्तू टाकावी अशी योजना होती: घरातील जुने छायाचित्र, पत्र, ध्वनिमुद्रण, एखाद्या गिरणीची हकीकत, एखाद्या शाळेची नोंद. स्थानिक इतिहासमंडळांना आपापल्या वेगळ्या टोपल्या करता येत. प्रत्येक नोंदीखाली इतरांना भर घालता येई, दुरुस्ती सुचवता येई, वाद घालता येई. आणि कोणी काय बदलले याचा मागोवा जपला जाई. ग्रंथपालाचे काम बदलले. लोकांनी आणलेले नीट लावून ठेवणे, त्याला नावे देणे, एकाच्या माहितीची दुसऱ्याच्या माहितीशी गाठ घालून देणे, हे त्याचे काम झाले. पुढे ती प्रणाली कालबाह्य झाली, तेव्हा तिच्यातील संग्रह दुसऱ्या प्रणालीवर हलवण्यात आला. टोपली बदलली, आतला ऐवज राहिला.

आमचे म्हणणे या दोन शब्दांत मावते. आपण कोहा घेतले आणि केटे विसरलो. देवघेवीचा हिशेब ठेवणारे यंत्र आपल्याला हवेसे वाटले. गावाची स्मृती गोळा करणारी टोपली हवीशी वाटली नाही. भेट स्वीकारली, परतफेड मात्र केली नाही. आज राज्यात अकरा हजारांहून अधिक अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने आपल्या गावाविषयी दरवर्षी केवळ दहा नोंदी केल्या, तरी वर्षाला लाखाहून अधिक नोंदींचा असा इतिहास उभा राहील, जो कोणत्याही विद्यापीठाला, कोणत्याही संशोधन मंडळाला एकट्याने कधीच उभा करता येणार नाही.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: 'डिजिटायझेशन चालू आहे की!' चालू आहे, हे खरे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ संकेतस्थळावर खुले केले, शासनाच्या दर्शनिका विभागाने गॅझेटियर उपलब्ध करून दिली, काही जुन्या ग्रंथसंग्रहालयांनी आपापली दोलामुद्रिते जपली. या कामाविषयी आम्हांला आदर आहे. परंतु पाने यंत्राखाली धरणे आणि ज्ञान जतन करणे यांत फरक आहे, आणि तो फरक आपण एकदा महागात शिकलो आहोत. या शतकाच्या आरंभी 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा प्रचंड प्रकल्प देशभर सुरू झाला. लाखो पुस्तकांची चित्रे घेतली गेली, त्यांत मराठीही पुष्कळ होती. मात्र मराठी शीर्षके रोमन लिपीत, तीही मनाला येईल तशा वर्णयोजनेने नोंदवली गेली. लेखकांची नावे चुकली, साले चुकली, कुठे पानेच गळाली. पुस्तक जालावर होते, पण ते कोणत्या नावाने शोधावे हे ठाऊक असण्यासाठी आधी चूक ठाऊक असावी लागे! ते मूळ संकेतस्थळ आज उपलब्ध नाही. त्यातील पुष्कळसा ऐवज 'इंटरनेट आर्काइव्ह'वर प्रती ठेवल्या गेल्यामुळे वाचला आणि त्याच चुकांसह वाचला.

याच्याशेजारी शंकर गणेश दाते यांचे काम ठेवून पाहावे. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची त्यांनी १९४४ मध्ये सिद्ध केली आणि १९३८ ते १९५० या काळाची १९६१ मध्ये. संगणक नव्हता, छायाप्रत काढण्याचे यंत्र नव्हते. पुस्तक हाती घ्यायचे, चाळायचे, नोंद करायची, विषयवार लावायची. मराठीचा गंभीर अभ्यासक आजही या सूचीशिवाय पुढे सरकत नाही. दात्यांकडे एकाही पुस्तकाचे चित्र नव्हते, पण पुस्तक सापडत होते. या प्रकल्पाकडे लाखो चित्रे होती आणि पुस्तक सापडत नव्हते. जतनाचा प्राण नोंदीत आहे. नोंद करण्यासाठी भाषा यावी लागते, संदर्भ माहीत असावा लागतो, गाव माहीत असावे लागते. ते काम कंत्राटावर देता येत नाही.

त्यातही आपल्या वाचनालयांच्या संकेतस्थळांची एक खास व्यथा आहे. जिथे ग्रंथसूची दिलेली असते तिथेही ती पुष्कळदा युनिकोडपूर्व टंकात केलेल्या मजकुराची पीडीएफ असते. डोळ्यांना मराठी दिसते, शोधयंत्राला मात्र ती अक्षरांची भेळ वाटते. अशा यादीत 'केशवसुत' टंकून शोधले तर हाती शून्य लागते. ज्या यादीत शोध घेता येत नाही तिला सूची का म्हणावे? ती भिंतीवरची तसबीरच.

आता जरा अधिक नाजूक मुद्द्याकडे वळू. जालावर आपल्या गावांचा कोणता इतिहास आजच सहज मिळतो? गॅझेटियरांचा. ब्रिटिश अमदानीत सिद्ध झालेली मुंबई इलाख्याची ती थोर साधने आम्ही नित्य वापरतो. पण त्यांतील डोळा राज्यकर्त्याचा आहे. त्याला गावाचा सारा दिसतो, पीकपाणी दिसते, जातवार लोकसंख्या दिसते. गाव स्वतःशी काय बोलत होते ते त्याला ऐकू येत नाही. ते ऐकायचे तर 'दीनमित्र'सारख्या पत्राकडे जावे लागते. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सुरू केलेले हे सत्यशोधकी पत्र तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून वर्षानुवर्षे निघत राहिले. खेड्यात छापखाना, खेड्यात संपादक, खेड्यातच वाचक! अशी कितीतरी लहान पत्रे, जलशांच्या वह्या, बोर्डिंगांचे अहवाल, स्त्रियांच्या मंडळांची हस्तलिखिते, गिरणगावातील वाचनालयांची टिपणे पुण्या-मुंबईच्या मोठ्या दप्तरखान्यांत पोचलीच नाहीत. ती कोणाच्या तरी घरी ट्रंकेत आहेत. ट्रंकेचा मालक वारला की तीही जातील. स्थानिक वाचनालयाने हाक दिली नाही, तर मराठी समाजाचा इतिहास म्हणून उरेल तो ज्यांच्याकडे दप्तर ठेवायला वाडा होता त्यांचाच. म्हणूनच ही टोपली आम्हांला हौसेची वस्तू वाटत नाही; न्यायाचा प्रश्न वाटतो.

एरवी हे सारे नाहीसे होण्याची वाटही आपण रोज पाहतो आहोत. कोणी तरी गावातील जुन्या वेशीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकते. दोन तासांत पन्नास जण ओळख पटवतात: हा अमक्यांचा वाडा, डावीकडे गिरणी होती, तो पाठमोरा माणूस म्हणजे आमचे आजोबा. ग्रंथालयाला वर्षभरात जमणार नाही एवढे ज्ञान एका दुपारी जमते आणि आठवड्याभरात खाली वाहून जाते. ते पुन्हा शोधता येत नाही आणि ती जागाही आपली नसते. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, तेव्हा तिथल्या मराठी समूहांनी वर्षानुवर्षे केलेल्या चर्चांचा मालक कोण होता? लोकांना सांगायचे आहे, हे यातून सिद्धच होते. सांगितलेले जपून ठेवणारी, गावाच्या मालकीची जागा तेवढी नाही.

आक्षेप आम्ही ऐकले आहेत. क्रमाने उत्तरे देतो.

'कॉपीराइटचे काय?' कायदा वाचावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो. अनाम लेखनाच्या बाबतीत ही मुदत प्रकाशनापासून मोजतात. १९६० साली वा त्याआधी दिवंगत झालेल्या लेखकांनी हयातीत प्रकाशित केलेले लेखन आज मुक्त आहे. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर, जी कृती मुळात आपल्याकडे आहे तिची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आहे. ही मुभा जतनापुरती आहे, प्रसारासाठी नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. ज्यांचे हक्क अबाधित आहेत त्यांच्या वारसांची परवानगी घ्यावी लागेल. पण ते वारस कुठे असतात? बहुधा त्याच गावात, मागच्या आळीत, त्याच वाचनालयाचे सभासद म्हणून. चालत जाऊन परवानगी मागू शकणारी जगातील एकमेव संस्था म्हणजे स्थानिक वाचनालय. हा आक्षेप विरोधात नाही, आमच्याच बाजूने आहे.

'पैसा कुठून आणायचा?' प्रणाली फुकट आहे, हे कोहाने दाखवून दिले आहे. खर्च आहे तो माणसाचा. अनुदानातून तुटपुंजे वेतन मिळणाऱ्या ग्रंथालय सेवकाच्या गळ्यात हे आणखी एक काम बांधावे असे आम्ही म्हणत नाही. तो अन्याय होईल. ज्या शासनाला ग्रंथसंख्या मोजता येते त्याला स्थानिक संग्रहाच्या नोंदी मोजणे कठीण नाही. वर्ग ठरवण्याच्या निकषांत 'स्थानिक इतिहास संग्रह' हा एक रकाना वाढवावा, त्याला अनुदान जोडावे आणि माळे कसे जपले जातात ते पाहावे.

'कोणीही काहीही लिहील.' या आक्षेपात तथ्य आहे. आपल्याकडे स्थानिक इतिहास म्हणजे पुष्कळदा कुळाचा, जातीचा आणि गावाचा अभिमान. इतिहासाच्या वादापायी ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. ग्रंथांची, पोथ्यांची नासधूस झाली. भीती निराधार नाही. पण लिहिण्याची जागाच न ठेवल्याने आख्यायिका थांबत नाहीत. त्या निनावी निरोपांतून बेलगाम फिरतात. उलट ज्या जागी प्रत्येक नोंदीला नाव असते, आधार विचारला जातो, प्रतिवाद नोंदीशेजारीच राहतो आणि बदलाचा मागोवा पुसता येत नाही, तिथे आख्यायिकेलाही पुरावा मागता येतो. खासगी पत्रे, जिवंत माणसांची नावे, जातीची नोंद असलेले दाखले यांबाबत संयम हवाच. काय खुले करायचे आणि काय नुसते जपायचे, हा विवेक ग्रंथपालाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

'पुस्तक हातात घेण्याची मजा…' असो. ही मजा आम्हीही घेतो. परंतु चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने, म्हणजे १८६४ पासून चालत आलेल्या संस्थेने, २००५ च्या आणि पुन्हा २०२१ च्या पुरात ग्रंथ गमावले. सांगलीच्या नगर वाचनालयात ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी शिरले आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी मिळेल, लोक देतीलही. हस्तलिखिताची, इतिवृत्ताच्या वहीची, आवाजाची दुसरी प्रत असते तीच, जी आपण आधी करून ठेवलेली असते.

शेवटी स्वतःकडे वळणे भाग आहे, कारण या साऱ्यात सर्वांत मोठे अपराधी आम्ही आहोत: मराठी विभागांतील प्राध्यापक. नॅकचे पथक येणार म्हटले की आमच्या ग्रंथालयांची संकेतस्थळे रातोरात सजतात आणि पथक गेले की त्यांवरच्या 'ताज्या घडामोडी' वर्षानुवर्षे ताज्याच राहतात. आमच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी लिहिलेले प्रकल्प — गावची बोली, गावचे लोककलावंत, गावची पत्रे — विभागाच्या कपाटात पिवळे पडतात. पीएच.डी.चे प्रबंध निदान 'शोधगंगे'त पोचतात, एम.ए.चे प्रकल्प कुठेच पोचत नाहीत. बाहेरच्या रद्दीवाल्याला नावे ठेवताना आमचे स्वतःचे कपाट आम्ही उघडून पाहत नाही.

आणि साधन तर हाताशी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, संशोधन प्रकल्प आले आहेत. त्यांचे करायचे काय, हे कोणालाच नीटसे सुचत नसल्यामुळे तिथेही उतरवून काढणे सुरू झाले आहे. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मराठी विभागाने आपल्या परिसरातील एक सार्वजनिक वाचनालय निवडावे. प्रत्येक विद्यार्थ्याने तिथल्या वा गावातील घरांमधल्या पंचवीस वस्तूंची युनिकोड मराठीत नोंद करावी: ही वस्तू काय आहे, कोणाकडची, कोणत्या सालची, तीत कोणाचा उल्लेख येतो, ती कशाशी जोडली जाते. मग जमेल तेव्हा चित्र. ती नोंद वाचनालयाच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्याच्या नावानिशी जावी आणि गावाला ती दुरुस्त करण्याचा अधिकार असावा. पंचवीस चांगल्या नोंदी उतरवून काढता येत नाहीत. त्यासाठी माणसांकडे जावे लागते. वाङ्मयेतिहास कसा घडतो, हे त्या विद्यार्थ्याला आमच्या दहा व्याख्यानांपेक्षा अधिक चांगले समजेल.

त्या विद्यार्थिनीचा प्रकल्प शेवटी झाला. वाचनालयात काही उरले नव्हते. तिने गावातील म्हाताऱ्या श्रोत्यांना गाठले. एका निवृत्त शिक्षिकेने पंधरा-वीस वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका जपल्या होत्या, प्रत्येकीच्या मागे व्याख्यानाची टिपणे. त्या वह्यांची आणि पत्रिकांची यादी आज आमच्या विभागाच्या कपाटात आहे, जिथे ती कोणालाही दिसत नाही. येत्या सत्रात तिची प्रत आम्ही त्याच वाचनालयाला देणार आहोत आणि एकच विनंती करणार आहोत: अध्यक्षांच्या मनोगताखाली थोडी जागा द्या.